सिद्राम सरांचा पहिला नंबर

५ जानेवारी, सोमवार

सोडला ग्रुप! दाबलं बटण आणि बाहेर. फोननं विचारलं, खरंच बाहेर पडायचं का? म्हटलं, हो बाबा, खरंच!

शुभदा स्वतःला समजते कोण? आज प्रश्न काढायची पाळी तिची. प्रश्न काय, तर पृथ्वीला सगळ्यात जवळचा ग्रह कोणता? मला हसूच आलं. भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि मला हे विचारतेय! सगळ्यांच्या आधी उत्तर टाकलं — शुक्र. वर एक हसरा चेहरासुद्धा टाकला. आठ वाजता हिचा निकाल — "चूक. बुध."

बुध!! मी लिहिलं, अगं, नववीच्या पुस्तकात चित्र आहे, सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी. शेजारी कोण दिसतंय? तर म्हणते, "चित्र सोड वैजू. ग्रह काय रांगेत उभे असतात का प्रार्थनेला? शुक्र बराच काळ सूर्याच्या पलीकडे असतो. सरासरी काढलीस तर बुधच जवळ." मी विचारलं, प्रश्नात सरासरी शब्द कुठे होता? तर, "निकाल अंतिम."

आता हा नियम आमचाच आहे. रोज एकानं प्रश्न काढायचा, बाकीच्यांनी संध्याकाळी आठच्या आत उत्तर द्यायचं, गूगल बघायचं नाही, आणि ज्याचा प्रश्न त्याचा त्या दिवशीचा निकाल अंतिम. चौघंच आहोत ग्रुपवर — "डोकं चालवा" नाव. चौघंही एकाच शाळेतून निवृत्त. मी भूगोल, शुभदा विज्ञान, सिद्राम सर पी.टी., आणि सुंदरम्मा शाळेच्या ग्रंथालयातल्या. पण नियम झाला म्हणून काय वाट्टेल तो निकाल द्यायचा? आणि सगळ्यांसमोर "वैजू"? सिद्राम सरांनी तर कमाल केली — तिच्या उत्तरालाही अंगठा, माझ्याही उत्तराला अंगठा! सुंदरम्मांनी नुसते हात जोडले. कुणाला जोडले देवाला ठाऊक.

नागपूरचं मी लिहिणार नाही. ते वेगळंच प्रकरण आहे.

६ जानेवारी

आठ वाजले. फोन वाजला नाही. छान शांत वाटतंय.

७ जानेवारी

शांत कसलं डोंबलाचं! संध्याकाळ खायला उठते. हे म्हणाले, "सारखी फोनकडे काय बघतेस?" मी म्हटलं, वेळ बघतेय. तर म्हणतात, "घड्याळ भिंतीवर आहे, वैजयंतीबाई." कोर्टात कारकुनी केलेला माणूस — उलटतपासणी रक्तातच.

शेवटी सिद्राम सरांना फोन लावला. ते वैरागला असतात, शेतावर. आधी हुरड्याचं विचारलं. मग सुनेच्या गुडघ्याचं. मग सहज, अगदी सहज, विचारलं, "काय सर, आज प्रश्न कुणाचा होता?"

ते जरा घुटमळले. "प्रश्न व्हय? आजचा? थांबा बाई, बगून सांगतो." आणि फोन ठेवलाच की! बघायला एवढा वेळ? मग आला फोन. "हां बाई. विषुववृत्त दोन डाव ओलांडणारी नदी कंची?"

मी म्हटलं, काँगो! हे काय विचारणं झालं! वर जाते, वळते, पुन्हा खाली येते. नकाशात बघा की, कमानीसारखी. सर म्हणाले, "जरा दमानं सांगा बाई, लिवून घेतो." मी विचारलं, तुम्हाला हवंय का उत्तर? तुमचं म्हणून टाका. माझं नाव मात्र काढायचं नाही. शपथ घ्या. त्यांनी घेतली. बैलाची घेतली — त्यांच्याकडे आता बैल नाही, ट्रॅक्टर आहे, पण असू दे.

मस्त वाटतंय!!

८ जानेवारी

सिद्राम सरांचा पहिला नंबर आला! फोनवर सांगताना खुशीत होते. वर्षभरात या माणसाचं एकच उत्तर बरोबर आलं होतं — कबड्डीत एका बाजूला किती खेळाडू. आणि आता काँगो! शुभदाचा चेहरा बघायला हवा होता.

आजचा प्रश्न — कर्कवृत्त भारतातल्या किती राज्यांतून जातं? आठ. गुजरातपासून मिझोरामपर्यंत ओळीनं नावं सांगितली. "राजस्थान विसरू नका सर, अगदी टोकाला चाटून जातं, पोरं तिथंच चुकतात, लक्षात आलं?" ते म्हणाले, "आलं बाई."

गंमत बघ. मी होते तेव्हा या लोकांना भूगोल सुचत नव्हता. माणसाच्या अंगात हाडं किती, रक्तगट किती, असलंच चालायचं. मी बाहेर पडले आणि सगळ्यांना नकाशे आठवायला लागले! मी नाही म्हणून मैदान मोकळं. वा रे वा.

१० जानेवारी, शनिवार

रात्रीचं जेवण झाल्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं, "तू ग्रहावरून भांडलीस की नागपूरवरून?"

मी उठून भांडी घासायला गेले. भांडी घासायला बाई आहे आमच्याकडे.

लिहूनच टाकते आता. शुभदा नागपूरला चालली आहे. कायमची. तिथं तिचा भाचा आहे, हृषीकेश. मुलगा गुणाचा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दिवाळीत शुभदा न्हाणीघरात पडली, तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात नेलं ते मी, प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसले ते मी, आणि एकटी राहू नकोस मावशी, असं म्हणून घेऊन चालला तो हृषीकेश! लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. सम्राट चौकाच्या पलीकडे भाड्याच्या दोन खोल्या, पुस्तकं, कुंडीतला कढीपत्ता, एवढाच संसार. त्यातला कढीपत्ता अर्धा माझ्याच आमटीत गेला.

आणि सांगितलं कसं? नवी पेठेत भाजी घेताना! "मेथी ताजी दिसतेय. अगं हो, माझं नागपूरचं ठरलं, महिनाअखेरीस." एका दमात! मेथी आणि नागपूर एका दमात! मी काय म्हणाले? "बरं." एवढंच. घरी आले आणि मेथी निवडत बसले आणि ढसाढसा रडले. ह्यांना वाटलं डोळ्यात माती गेली.

त्यानंतर बरोबर चार दिवसांनी हा बुध आला. बिचारा बुध.

११ जानेवारी

समुद्राला पोचायला कमीत कमी दोन देश ओलांडावे लागतात, असे देश जगात किती? — दोन! उझबेकिस्तान आणि लिख्टेनस्टाइन. सिद्राम सरांकडून लिख्टेनस्टाइन म्हणवून घ्यायलाच पाव तास गेला. "बाई, लिक्टेन... पुढचं तुमीच बोला, म्या फोन जवळ धरतो." मी म्हटलं, कुणाजवळ? तर म्हणाले, "म्हंजे... कागदाजवळ."

वय झालंय सरांचं.

१४ जानेवारी, संक्रांत

दरवर्षी आज संध्याकाळी मी शुभदाकडे जाते. तिळाच्या वड्या माझ्या, शेंगापोळी तिची. तिची शेंगापोळी म्हणजे — जाऊ दे, चांगली करते, ते नाकारण्यात अर्थ नाही.

या वर्षी वड्या केल्या, डबा भरला, झाकण लावलं आणि ओट्यावर ठेवला. हे म्हणाले, "मी देऊन येऊ का?" मी म्हटलं, "खबरदार! ज्याला यायचं तो येईल." "तिचा पाय अजून दुखतो," हे म्हणाले. "मग बुधावर बसून यावं," मी म्हटलं.

वड्या कडक झाल्यात. मीच दोन खाल्ल्या. दाढेत अडकल्या.

आज सिद्राम सरांना विचारलं, ग्रुपवर संक्रांतीचं कुणी काय काय टाकलं? तर, "टाकलं की. समद्यांनी टाकलं. तिळगुळाचं." कुणी काय म्हटलं विचारलं, तर, "ग्वाडच की बाई, दुसरं काय म्हन्त्यात." या माणसाला बातमी सांगताच येत नाही.

१५ जानेवारी

सुंदरम्मा भेटल्या सात रस्त्यावर. हातात फुलांची पुडी, घाईत होत्या. मला बघून थबकल्या. मी म्हटलं, काय सुंदरम्मा, डोकं चालवताय की नाही? ग्रुप कसा काय? तर बाई अशा दचकल्या, जसं मी पिशवी तपासायला मागितली.

"अय्यो! ग्रुप? हो हो, चालू आहे की! चांगला चालू आहे. खूप चालू आहे!"

मी म्हटलं, काल प्रश्न तुमचा होता म्हणे. रोहित पक्षी गुलाबी कशामुळे होतो? "माझा?" म्हणाल्या. मग, "हां, हां, माझाच होता. रोहित पक्षी. हो." मी विचारलं, उत्तर काय धरलंत? तर, "गोत्तिल्ला!" आणि आलेल्या रिक्षात बसून गेल्यासुद्धा!

गोत्तिल्ला म्हणजे ठाऊक नाही. एवढं कानडी मला येतं. प्रश्न काढायचा आणि उत्तर ठाऊक नाही? शुभदानं इतकं घाबरवून ठेवलंय का सगळ्यांना? अ‍ॅडमिन झाली म्हणून काय हुकूमशहा?

(उत्तर — खाण्यामुळे. शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातात, त्यातल्या रंगानं. उजनीला शाळेची सहल नेली होती तेव्हा मुलांना दाखवले होते. शुभदा पण होती. चिखलात तिची चप्पल रुतली आणि आम्ही दोघी ओढत होतो, मुलं टाळ्या वाजवत होती.)

१७ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही.

ह्यांना घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेले होते, होम मैदानावर. गर्दी ही! भेळ खाल्ली, पातेल्याची झाकणं घेतली. आणि पाळण्याच्या बाजूला वळते तर समोर शुभदा! काठी घेऊन. सोबत तिच्या शेजारची मुलगी, ज्ञानदा, हात धरून.

तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. आता करायचं काय? मी सरळ उजवीकडे वळले आणि जी रांग दिसली तिच्यात उभी राहिले, जणू तिकडंच निघाले होते. तिकीट हातात आल्यावर वर पाटी वाचली — मौत का कुआँ!

हे म्हणाले, "वैजयंती, तू?" मी म्हटलं, "का? आवडतं मला." परत फिरावं तर ती उभीच, तिकडूनच बघतेय. गेले वर! त्या लोखंडी जिन्यावरून, साडी सावरत, पातेल्याची झाकणं कडेवर घेऊन. खाली त्या पोरांनी मोटरसायकली अशा घुमवल्या की फळ्या थरथरायला लागल्या. एकानं हात सोडून दिले. मी डोळे मिटून घेतले आणि भूगोलातली सगळी आखातं आठवली.

खाली उतरले. शुभदा गेली नव्हती! पाळण्याजवळच्या बाकावर बसली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. खांदे हलत होते तिचे. मला दुरूनसुद्धा कळतं, ती हसताना खांदे हलतात.

माझ्याही तोंडावर हसू आलं होतं. पण मी वळवलं तोंड. का वळवलं? चार पावलं तर होती!

मूर्ख आहे मी. मूर्ख, मूर्ख.

१८ जानेवारी

आजचा प्रश्न ऐक — "असा कंचा ग्रह हाय, ज्याचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा हाय?"

शुक्र!! मी ओरडलेच. शुक्र स्वतःभोवती इतका रेंगाळत फिरतो की तेवढ्यात सूर्याची फेरी पुरी होऊन वर दिवस उरतो. मी सिद्राम सरांना म्हटलं, प्रश्न कुणाचा? "शुभदाबाईंचा."

बघा! शेवटी शुक्राकडेच यावं लागलं ना तिला!

थोड्या वेळानं त्यांचा परत फोन. "बाई, पयला नंबर. आन् शुभदाबाई म्हनल्या, शुक्रावर कुनाचं तरी लईच प्रेम हाय."

ओळखलं की काय तिनं? सरांना विचारलं, तुम्ही काही बोलला तर नाही ना? "न्हाय बाई. बैलाची शपथ." मग कशावरून म्हणाली? "लक्षात आलं?" हे शेवटी जोडलं होतंत का? "तुमी बोलला ते शब्दन् शब्द सांगितलं, बाई." सांगितलं म्हणजे? "टाकलं, टाकलं."

तेच! "लक्षात आलं?" माझं आहे. अख्ख्या शाळेत माझ्या नकला करताना पोरं तेच म्हणायची. उद्यापासून सावध राहायला हवं.

१९ जानेवारी

सावध राहिले नाही. आज उत्तर सांगताना जाणूनबुजून "लक्षात आलं?" म्हटलं. बघू काय म्हणते.

२० जानेवारी

काही म्हणाली नाही. पण आजचा प्रश्न — "जगातलं सगळ्यात मोठं बेट कंचं, आन् त्ये सांगताना ऑस्ट्रेलिया म्हननाऱ्या पोराच्या डोक्यात काय घालावं?"

हे शुभदाच! हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आमच्या स्टाफरूममधला जोक होता. ऑस्ट्रेलिया म्हणणाऱ्याच्या डोक्यात डस्टर घालावं, असं मी म्हणायचे. (कधी घातलं नाही. एकदा फेकलं होतं, ते फळ्याला लागलं.)

उत्तर दिलं — ग्रीनलंड, आणि डस्टर.

म्हणजे तिला ठाऊक आहे. म्हणजे ठाऊक असूनही ती सिद्राम सरांना पहिला नंबर देतेय. आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक असूनही मी सिद्राम सरांच्या नावानं उत्तर देतेय. अवघड आहे सगळं. पण फार फार बरं वाटतंय. पोळ्या करताना गाणं म्हणत होते म्हणे मी, हे म्हणाले.

२२ जानेवारी

शेजारच्या मुलाला, अनिमेषला, बसवलं आणि विचारलं, तू इंजिनिअरिंगला आहेस, सांग, पृथ्वीला जवळचा ग्रह कोणता? त्यानं कागदावर वर्तुळं काढली, फोनवर काय काय बघितलं, मला एक फिरणारं चित्र दाखवलं. त्यात सगळे ग्रह आपापल्या वाटेनं गोल गोल, आणि कोपऱ्यात सरासरी.

सगळ्यांत जवळ येतो तो शुक्र. सरासरीनं जवळ असतो तो बुध.

म्हणजे मीही बरोबर आणि तीही बरोबर! याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. एक जण चुकला असता तर माफी तरी मागता आली असती!

मी अनिमेषला शेंगाची चटणी बांधून दिली आणि कुणाला सांगू नकोस म्हटलं. तो म्हणाला, "काकू, ह्यात लपवण्यासारखं काय आहे?" त्याला काय कळतंय.

२३ जानेवारी

आज प्रश्न नाही. सिद्राम सरांचा फोनच आला नाही. आठ वाजून गेले. मी लावला तर म्हणाले, "आज शुभदाबाईंचं सामान बांधायचं चाललंय बाई, त्यामुळं..."

मी विचारलं, त्यांच्या सामानाचा आणि ग्रुपच्या प्रश्नाचा संबंध काय? आज पाळी तर सुंदरम्मांची असणार! "व्हय की. त्यांचीच. त्या... मदतीला गेल्यात."

सुंदरम्मा मदतीला. आणि मी घरात बसून शेंगदाणे भाजतेय.

सामान बांधायला काय आहे तिच्याकडे? पुस्तकं. कोणतं पुस्तक कुठल्या खोक्यात ते सुंदरम्माला काय कळणार! ग्रंथालयात होत्या म्हणून काय झालं. शुभदाची पुस्तकं मी लावली आहेत, तिच्या प्रत्येक घरबदलाला, मी!

२५ जानेवारी, रथसप्तमी

घरी हळदीकुंकू. बऱ्याच जणी आल्या. प्रत्येकीनं विचारलं, शुभदाबाई नाही आल्या? मी सांगितलं, पाय दुखतो. खोटं नाही ते.

सगळ्या गेल्यावर हे वर गेले आणि वरच्या खोलीचे पडदे काढून धुवायला टाकले. भाडेकरू जाऊन दोन महिने झाले, खोली रिकामीच आहे. मी विचारलं, आत्ता पडदे कशाला? म्हणाले, "असेच. खोली चांगली आहे. उजेड आहे. जिना सोपा आहे, सात पायऱ्या मग वळण, मग सात. दुखऱ्या पायालाही जमेल."

मी हळदीकुंकवाची तबकं आवरायला घेतली.

"तिला कधी विचारलंस?" हे म्हणाले.

मी म्हटलं, तिनं मला कधी विचारलं?

"तिनं काय विचारायचं? तुमच्या घरात राहायला येऊ का, असं? शुभदा? ती विचारेल?"

नाही विचारणार. मेली तरी नाही विचारणार. मेथीबरोबर नागपूर सांगेल, पण हे नाही विचारणार. आणि मी "बरं" म्हणाले! "बरं" काय म्हणाले मी! "जाऊ नकोस" एवढे दोन शब्द होते. आयुष्यभर वर्गात बडबड केली आणि नेमकं त्या भाजीवाल्यासमोर शब्द संपले. मला तिनं जायला नको आहे. नको आहे, नको आहे, नको आहे. लिहिलं एकदाचं.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदनाला शाळेत गेले. वाटलं, येईल. आली नाही. तिच्या खुर्चीवर कुणीतरी बॅग ठेवली होती, ती मी उचलून खाली ठेवली.

२७ जानेवारी, मंगळवार

परवा रात्रीची तिची गाडी. हृषीकेश उद्या न्यायला येतोय म्हणे.

सरळ जावं, दार वाजवावं. इतकं सोपं. स्कूटरवर पंधरा मिनिटं. दोनदा साडी बदलली. दोनदा परत बसले. दार उघडल्यावर काय म्हणू? इतके दिवस संक्रांतीला नाही, हळदीकुंकवाला नाही, गड्ड्यावर तोंड फिरवलं, आणि आता, ये माझ्याकडे राहायला? ती "निकाल अंतिम" म्हणाली तर?

मग सुचलं. ग्रुपच्या पाळीप्रमाणे उद्या प्रश्न सिद्राम सरांचा. त्यांना कधी स्वतःहून प्रश्न सुचला आहे का? कबड्डी सोडून नाही. त्यांच्या नावावर माझा प्रश्न टाकायचा! फोन लावला. म्हटलं, सर, शेवटचा उपकार करा. उद्या ग्रुपवर हा प्रश्न टाका —

"ग्रुप सोडून गेलेल्या बाईला परत यायचं असेल, तर तिनं काय करावं?"

सर खाकरले. "बाई, ह्यो प्रश्न... ह्यो ग्रुपवरच टाकायचा?" मी म्हटलं, हो, मग कुठे? माझं नाव नको. पण ओळखेल ती. "ओळकतील," म्हणाले. "लगीच ओळकतील." आणि मग, "उद्या सकाळी फोन करतो बाई. नक्की करतो."

नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असेल, गव्हाला पाणी देतायत सध्या.

आता जे व्हायचं ते होवो. उत्तर आठच्या आत यायला हवं. नियम आहे.

२८ जानेवारी

सिद्राम सरांचा फोन आला. "बाई, प्रश्न टाकू कुटं? ग्रुपच न्हाय की." म्हटलं, नाही म्हणजे? "तुमी भाईर पडला त्याच सांजंला शुभदाबाईंनी बंद केला. म्हनल्या, ती न्हाय तर म्या प्रश्न कुनासाठी काढू? मग तुमी मला फोन केला आन् म्या त्यास्नी सांगितलं. तवापास्नं रोज प्रश्न त्याच सांगायच्या. तुमचं उत्तर शब्दन् शब्द ऐकायच्या. पयला नंबर बी त्याच द्यायच्या."

म्हणजे सगळे प्रश्न मलाच विचारलेले होते.

ह्यांनी स्कूटर काढली आहे. आज मी विचारणार आहे, तिच्यासमोर बसून.